अडखळ

चौदाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर
तीन अक्षरं आहेत: सी, ए, जी.
मग पुन्हा सी, ए, जी.
कुणाच्यात वीसदा, कुणाच्यात तीसदा,
तेवढी री ओढून झाली की वाक्य पुढं सरकतं.
आमच्या घरात सरकत नाही.

डॉक्टरीणबाई साँव मिगेलहून येतात,
वर्षातून दोनदा, आणि तेही विमान उतरलं तर.
त्यांनी कागदावर रेघा मारून दाखवलं.
चाळिसाव्या रेघेशी पेनातली शाई संपली.
असू द्या, मी म्हटलं, कळलं.

तुझं नाव त्यांनीच सांगितलं. अटॅक्सिन-तीन.
मला वाटलं होतं, काहीतरी दातवालं असेल.
तू निघालास घरातला झाडलोटीचा गडी.
पेशीत ज्या प्रथिनाला ‘टाकून द्या’ अशी चिठ्ठी लागते
तिची गाठ तू सोडवून बघतोस,
अजून चालेल म्हणतोस,
आई फाटका पायमोजा उजेडात धरून म्हणायची तसं.
(तू आईकडून मात्र आला नाहीस.)
शेपूट वाढलं की तू केंद्रकात शिरतोस
आणि बाहेरची वाट विसरतोस.
गुठळी होऊन बसतोस तिथंच.
मग तुलाच चिठ्ठ्या लागतात, एकीवर एक,
आणि सोडवायला कुणी नसतं.

बाबा म्हणजे बेलार्मिनु, फाजां ग्रांदेचे,
बारा गाई, एक खेचर.
अडतिसाव्या वर्षी त्यांचे पाय अडखळले, मग जीभ.
आत अक्षर अडखळलं की बाहेर पाय अडखळतो,
इतकं साधं होतं ते,
पण तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

आमच्या बेटावर माणूस दोनच कारणांनी झोकांड्या खातो.
एक दारू.
दुसऱ्याचं नाव कुणी उंबऱ्याबाहेर काढत नाही.
दारू उतरते.
दुसरं पोरींत उतरतं.

आम्ही तिघी बहिणी.

बाबांनी जन्मात थेंब घेतला नव्हता.
रोज पहाटे दूध घालायला निघण्याआधी
ते गोठ्यामागं जात,
आग्वार्देंतनं चूळ भरत, थुंकत,
उरलेली सदऱ्याच्या कॉलरवर शिंपडत,
आणि काळ्या दगडांचे बांध धरत धरत
अख्ख्या गावातून जात.
बेलार्मिनु बुडाला, लोक म्हणाले.
पाद्रीबाबांनी प्रवचनात नाव न घेता नाव घेतलं.
आई रडली, अगदी खरं रडली,
कारण तिलाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

फिलोमेनाचं लग्न झालं. ओतीलियाचं झालं.
दारुड्याच्या मुली म्हणून झालं, पण झालं.

मला कळलं ते वासरामुळं.
ते सुटलं, मी शोधत मागं गेले,
बाबांच्या हातात बाटली, गाल फुगलेले.
त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.
बोट ओठांवर ठरेना.
मी नऊ वर्षांची होते आणि हसले.

तू ते सगळं आतून पाहिलं असशील,
म्हणजे तुला डोळे असते तर.

माझा आकडा आला: एकाहत्तर.
बाबांचा कुणी मोजला नाही.
ओतीलियाला कागद बघायचाच नाही,
तिचा मुलगा फॉल रिव्हरला असतो, त्याला तर ऐकायचंही नाही.
फिलोमेना फोनवर नुसती विचारत राहिली,
तुमच्याकडं पाऊस आहे का, पाऊस आहे का.

काल धक्क्यावर
माझा डावा पाय पहिल्यांदा माझं न विचारता गेला.
मासे उतरवणाऱ्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.
सकाळचे आठ वाजले होते,
पोटात दूध-कॉफी आणि मक्याच्या पावाचा तुकडा.
मी त्यांच्याजवळ गेले,
श्वास तोंडावर लागेल इतकी जवळ.

मी बेलार्मिनुची मुलगी, म्हटलं.
नीट वास घ्या.